लॅमिनेशनखालचा रंग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या धंद्यांतून आली आहे. प्रिंट मशीनमधून निघते तेव्हा रंग बरोबर असतो, लॅमिनेशन चढले की तो बदलतो. अल्बमवाले, व्हिनाइलवाले, मुखपृष्ठे करणारे, सगळ्यांचे दुखणे हेच. म्हणून या अंकातला सगळा स्तंभ या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : आम्ही लग्नाचे अल्बम इंकजेटवर, ग्लॉसी फोटो पेपरवर छापतो आणि वर मॅट फिल्म चढवतो. प्रोफाइल पेपर कंपनीचे आहे. लॅमिनेशनआधी प्रिंट मॉनिटरशी जुळते. नंतर काळा कोट राखाडी दिसतो आणि नवरीचा चेहरा फिक्कट पडतो. ऑपरेटर प्रत्येक पानाचा कॉन्ट्रास्ट वाढवतो, तरी पाने एकसारखी येत नाहीत.
— अल्बम लॅबचालक, कोल्हापूर

उत्तर : पेपर कंपनीचे प्रोफाइल उघड्या कागदाचे असते, आणि तुमचे गिऱ्हाईक तो उघडा कागद कधी बघतच नाही. प्रोफाइल म्हणजे एक तक्ता. प्रिंटरला अमुक आकडे दिले की डोळ्याला अमुक रंग दिसतो, एवढेच त्यात लिहिलेले असते. फिल्म चढली की आकडे तेच राहतात, दिसणारा रंग बदलतो आणि तक्ता खोटा ठरतो.

काळा राखाडी का होतो ते आधी पाहू. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश आत न शिरता वरूनच परत फिरतो. चकचकीत पृष्ठभागावर तो एकाच दिशेने जातो, त्यामुळे पान जरा तिरपे धरले की तो डोळ्यात येत नाही. मॅट पृष्ठभाग त्याला चहूकडे विखुरतो. मग पान कसेही धरा, काळ्यावर थोडा पांढरा प्रकाश मिसळलेलाच दिसतो. हे ४ टक्के पूर्णपणे विखुरले तर खालची शाई कितीही काळी असो, घनता (काळेपणाचे माप, आकडा जास्त तितका काळा खोल) १.४ च्या वर जाणार नाही, म्हणजे एल-स्टार (उजळपणाचे माप, ० काळा ते १०० पांढरा) २४ च्या खाली उतरणार नाही. बाजारातल्या मॅट फिल्म इतके विखुरत नाहीत, त्यामुळे साधारण १.५ ते १.८ पर्यंत घनता मिळते. तुमच्या उघड्या ग्लॉसी पेपरवर ती २.२ च्या पुढे असते. मधला फरक फिल्मच्या पृष्ठभागाने खाल्लेला आहे. तो कोणतेही प्रोफाइल परत आणून देणार नाही, आणि शाई वाढवूनही तो येणार नाही.

मग प्रोफाइल करायचे कशासाठी? काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे अंतर आता आखूड झाले आहे. त्या आखूड अंतरात सगळ्या छटा नीट बसवण्याचे काम प्रोफाइल करते. कोटाच्या घड्या वेगळ्या दिसतात, कातडीचा रंग राखाडीकडे झुकत नाही. ऑपरेटर हाताने कॉन्ट्रास्ट वाढवतो तेव्हा काळा होता तिथेच राहतो, मधल्या छटा मात्र खाली ओढल्या जातात. चेहरा लालसर होतो, केसांचा नुसता गोळा होतो, आणि हे प्रमाण प्रत्येक पानाला वेगळे पडते. तुमची पाने जुळत नाहीत ती यामुळे.

आता कृती. आधी नोझल तपासा, हेड अलाइनमेंट करा. रंगपट्ट्यांचा चार्ट कोणतेही रंगव्यवस्थापन न लावता छापायचा. फोटोशॉपमधून हा पर्याय २०१० च्या सीएस-५ आवृत्तीपासून गेला आहे, म्हणून प्रोफाइलच्या सॉफ्टवेअरमधूनच किंवा अडोबी कलर प्रिंटर युटिलिटीमधून छापा. ड्रायव्हरमध्येही कलर मॅनेजमेंट बंद आहे ना ते पाहा, कारण दोन ठिकाणी बंद करायचे असते आणि एक हमखास राहून जाते. मीडिया टाइप, रिझोल्यूशन, स्पीड हे सगळे रोजच्या कामाला ठेवता तेच ठेवा. नेहमीच्या प्रिंटर ड्रायव्हरने छापत असाल तर टीसी ९.१८ हा ९१८ चौकोनांचा चार्ट पुरतो. रिपमधून (प्रिंटरला फाइल तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) सीएमवायके, म्हणजे चार शाईंचे आकडे देत असाल तर आयटी ८.७/४ चा, १६१७ चौकोनांचा घ्या.

छापलेला चार्ट २४ तास मोकळ्या हवेत ठेवा. मग रोजच्याच मशीनवर, रोजच्या तापमानाला, रोजच्या वेगाने, रोजचीच फिल्म चढवा. ‘चार्टच आहे, उरलेल्या रोलने उरकू’ असे केले की पुढची सगळी मेहनत वाया जाते. फिल्म चढल्यावर आणखी २४ तास थांबा. चिकटद्रव्य शाईच्या बारीक खड्ड्यांत उतरायला वेळ घेते आणि तोवर काळ्यावर किंचित चंदेरी झाक असते. ती झाक असताना मोजले तर ती प्रोफाइलमध्ये कायमची बसते.

एका बाजूला फिल्म असलेला कागद वळतो. चार्ट पाठीमागून सपाट करून घ्या आणि मोजताना खाली त्याच कागदाची तीन-चार कोरी पाने ठेवा. रंगीत टेबल किंवा लाकूड खाली असेल तर ते कागदातून झिरपून मोजमापात येते. मॅट फिल्मवर स्पेक्ट्रोच्या (रंग मोजणाऱ्या यंत्राच्या) पट्टीचे ओरखडे चटकन उठतात आणि ओरखडा म्हणजे चकाकी, म्हणून पट्टी घासू नका, प्रत्येक ओळीला उचलून ठेवा. शक्य असेल तर चार्ट दोनदा मोजून सरासरी घ्या.

प्रोफाइल झाल्यावर प्रिंट सेटिंगमधले रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन हे पर्याय लावून छापा. फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये हेच प्रोफाइल निवडून कागदाचा रंग दाखवण्याचा पर्याय सुरू केलात तर स्क्रीनवर काळा लगेच फिका पडलेला दिसेल. तो बिघाड नव्हे, तुमचा अल्बम तसाच दिसणार आहे. गिऱ्हाइकाला ग्लॉस की मॅट हे याच पडद्यावर दाखवून ठरवू द्या. आणि ऑपरेटरला सांगा, आजपासून कॉन्ट्रास्टला हात लावायचा नाही. प्रोफाइलही दुरुस्ती करतेय आणि माणूसही करतोय, तर ती दुरुस्ती दुप्पट होते.

प्रश्न : आमच्याकडे उलटे होते. लेझर प्रिंटवर ग्लॉस फिल्म चढवली की रंग गडद आणि भडक होतात. फोटो पेपरवर मात्र असा फरक जाणवत नाही. फिल्म तीच आहे.
— डिजिटल प्रिंट सेंटर, नांदेड

उत्तर : निरीक्षण अगदी बरोबर आहे. टोनरचा किंवा साध्या कागदाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो आणि तो मॅट फिल्मसारखाच प्रकाश विखुरतो. ग्लॉस फिल्मचे चिकटद्रव्य ते खड्डे भरून काढते, विखुरणे थांबते, काळा खोल जातो. फोटो पेपर आधीच गुळगुळीत असल्याने तिथे भरायला काही उरत नाही.

दुसरे कारण मधल्या छटांचे. कागदावरून परतणारा प्रकाश फिल्ममधून बाहेर पडताना ४२ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल तर बाहेर न पडता पुन्हा कागदाकडे वळतो आणि शाईच्या ठिपक्यात शोषला जातो. ठिपके होते तेवढेच असतात, पण वागतात मोठे झाल्यासारखे. त्यामुळे ४० ते ६० टक्क्यांच्या छटा सर्वांत जास्त दाबल्या जातात. हळदीच्या फोटोतला पिवळा नारिंगीकडे सरकतो तो यामुळे, कारण त्यातला थोडासा मॅजेंटा या वाढीने एकदम जोर धरतो.

इथेही उपाय लॅमिनेट केलेल्या चार्टचे प्रोफाइल हाच. मात्र मशीनचे रोजचे कॅलिब्रेशन उघड्या कागदावरच करा. त्याचे काम मशीनला कालच्या जागी परत आणणे एवढेच आहे, त्याला फिल्म लागत नाही. टोनरवर फिल्म नीट चिकटत नसेल, बोट फिरवल्यावर सुटत असेल, तर फ्यूजरचे (टोनर वितळवणाऱ्या रोलरचे) तेल कारण असू शकते. डिजिटल प्रिंटसाठीची जास्त चिकट थर्मल फिल्म वापरा. अर्धवट चिकटलेल्या चार्टचे प्रोफाइल करू नका.

प्रश्न : इको-सॉल्व्हंट मशीनवर व्हिनाइल छापून कोल्ड लॅमिनेशन करतो. गडद निळ्या-काळ्या भागांत पांढुरकी झाक येते, कधी दोन दिवसांनी बुडबुडे येतात. प्रोफाइल लॅमिनेट करूनच बनवले आहे, तरी एका कामाचा रंग दुसऱ्याला लागत नाही.
— साइनबोर्ड व्यावसायिक, पनवेल

उत्तर : तुमची अडचण प्रोफाइलच्या आधीची आहे. शाई वरून कोरडी लागते तरी सॉल्व्हंट (शाई पातळ ठेवणारा द्रव) शाईत आणि खालच्या व्हिनाइलमध्ये मुरलेले असते. त्यावर फिल्म चढवली की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते चिकटद्रव्य मऊ करते, वायू होऊन बुडबुडे काढते, व्हिनाइलच्या कडा उचलते. किती सॉल्व्हंट अडकले आहे यावर झाक कमी-जास्त होते, म्हणून एकाच प्रोफाइलखाली दोन कामे दोन रंगांची निघतात.

छापल्यावर किमान २४ तास द्या. शाईचा भार जास्त असेल किंवा खोली बंद असेल तर ४८. रोल घट्ट गुंडाळून ठेवलात तर हे तास धरूच नका, कारण आतल्या वेढ्यांना हवा लागतच नाही. रोल सैल करून उभा ठेवा, नाहीतर पाने कापून मोकळी टांगा, आणि पंखा समोर असू द्या. नाकाजवळ धरून वास येत असेल तर माल लॅमिनेशनला तयार नाही. हीटर वाढवून हे काम होत नाही. वरचा थर लवकर आळतो आणि आतले सॉल्व्हंट उलट अडकते.

खरा उपाय शाई कमी करण्याचा. रिपमध्ये एकूण शाईच्या (सगळ्या शाईंच्या टक्क्यांच्या बेरजेच्या) पायऱ्यांची पट्टी छापा, २०० टक्क्यांपासून ३२० पर्यंत, दर २० टक्क्यांना एक. वाळवा, लॅमिनेट करा, दुसऱ्या दिवशी घनता मोजा. एका पायरीनंतर घनता वाढायची थांबते आणि झाक दिसायला लागते. मर्यादा त्याच्या एक पायरी अलीकडे ठेवा. उघड्या व्हिनाइलवर ही पट्टी पाहून मर्यादा ठरवणारे नेहमी जास्त शाई ठेवतात, कारण उघड्यावर ती शेवटची पायरी खरोखर जास्त काळी दिसते. ग्लॉस फिल्मखाली तो फरक जवळपास पुसला जातो. म्हणजे शाई गेली, वाळायचा वेळ वाढला आणि हाती काही आले नाही.

हे झाल्यावर लिनियरायझेशन (प्रत्येक शाईच्या पायऱ्या समान करणे), मग चार्ट, मग लॅमिनेशन, मग प्रोफाइल, हा क्रम पुन्हा पहिल्यापासून करा. इंक लिमिट बदलली की जुने प्रोफाइल निरुपयोगी होते. लॅमिनेटरचा दाबही पाहा. रोलरच्या दोन टोकांना दाब असमान असेल तर एका बाजूला झाक राहते. रुंद चार्ट आडवा टाकून डावीकडचा आणि उजवीकडचा तोच चौकोन मोजला की हे लगेच कळते.

लेटेक्स शाईने छापलेला माल मशीनमधून पूर्ण वाळूनच निघतो, त्याला हा वेळ द्यावा लागत नाही. यूव्ही शाईही लगेच लॅमिनेट होते, पण तिचा थर उंचसखल असतो आणि कडांना हवा अडकते, तेव्हा जाड चिकटद्रव्याची फिल्म घ्या.

प्रश्न : कलाप्रिंट लॅमिनेट करतो. यूव्ही-रोधक फिल्म चढवल्यावर पांढरा कागद पिवळसर दिसायला लागला. फिल्म पिवळी आहे का? आणि स्पेक्ट्रोमध्ये एम-०, एम-१, एम-२ यांतले काय निवडू?
— छायाचित्रकार, पुणे

उत्तर : फिल्मवर आळ घेण्याआधी कागद पाहा. बहुतेक झगझगीत पांढऱ्या कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो प्रकाशातली अतिनील किरणे पिऊन निळा प्रकाश बाहेर टाकतो आणि त्याने कागद जास्त पांढरा भासतो. यूव्ही-रोधक फिल्म ती किरणे कागदापर्यंत जाऊच देत नाही. ब्राइटनरचे काम थांबते आणि कागद त्याच्या मूळ, किंचित पिवळसर रंगावर येतो. खात्री हवी असेल तर नोटा तपासायचा यूव्ही दिवा अंधारात धरा. उघडा कागद निळा उजळतो, फिल्मखालचा तसाच राहतो.

एम-० ते एम-३ या मोजणीच्या अटी आयएसओ १३६५५ च्या २००९ च्या आवृत्तीत आल्या. एम-१ म्हणजे डी-५० या प्रमाणित दिवसाच्या प्रकाशाइतकी अतिनील किरणे धरून केलेली मोजणी, एम-२ म्हणजे ती गाळून केलेली. एम-० जुन्या बल्बची, तिच्यात अतिनील प्रमाण पक्के नसते. आय-वन प्रो २ आणि त्याच्या पुढचे यंत्र असेल तर हे तिन्ही मिळतात. यूव्ही-रोधक फिल्मवर एम-१ आणि एम-२ चे आकडे जवळजवळ सारखे येतात, कारण गाळण्याचे काम फिल्मनेच केलेले असते. ते सारखे आले तर फिल्म खरोखर यूव्ही अडवते हेही सिद्ध झाले. साध्या फिल्मखाली मात्र ब्राइटनर जिवंत राहतो. तिथे प्रिंट खिडकीच्या उजेडात लागणार असेल तर एम-१, आणि अतिनील नसलेल्या एलईडीच्या गॅलरीत लागणार असेल तर एम-२ घ्या.

यूव्ही-रोधक फिल्मच वापरायची ठरवली असेल तर सुरुवातीलाच ब्राइटनर नसलेला कागद निवडणे जास्त शहाणपणाचे. झगझगीत कागदाचे जादा पैसे देऊन वर त्याचा झगमगाट झाकण्यात काही मिळत नाही. करड्या छटा त्या पिवळसर कागदाशी जुळवून घ्यायचे काम नवे प्रोफाइल करील, कागद पांढरा करणार नाही.

प्रश्न : स्पार्कल आणि कापडी पोताच्या फिल्मवर चार्ट वाचला जात नाही, सारखी ‘पुन्हा वाचा’ अशी सूचना येते. आणि ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकखाली लावलेल्या फोटोंचे प्रोफाइल करता येईल का?
— कलर लॅब तंत्रज्ञ, नाशिक

उत्तर : या तिघांची उत्तरे वेगळी आहेत.

कापडी पोत वाचता येतो, पण धीराने. आय-वन प्रोची मोजणीची खिडकी ४.५ मिमीची असते, तेवढ्यात पोताचे दोन-चारच उंचवटे येतात आणि प्रत्येक वाचन वेगळे पडते. चौकोन मोठे छापा, किमान १२ ते १५ मिमीचे. चौकोनांची संख्या कमी चालेल, ४०० पुरेत. प्रत्येक चार्ट चार वेळा मोजा आणि दर वेळी कागद ९० अंशांनी फिरवा, कारण पोताच्या उभ्या-आडव्या बाजूंची चमक वेगळी असते. ओढून वाचण्याऐवजी एकेक चौकोनावर ठेवून वाचा. आय-वन प्रो ३ प्लसची खिडकी ८ मिमीची आहे, अशा कामाला ती फार सोयीची. त्याच यंत्रात ध्रुवीकरणाचा एम-३ प्रकारही मिळतो. चकचकीत लाखेच्या कॅनव्हासला तो उपयोगी आहे. मॅट पोतावर मात्र वापरू नका. पृष्ठभागाची जी चमक डोळ्याला दिसणारच आहे ती एम-३ काढून टाकतो, काळा आहे त्यापेक्षा खोल सांगतो, आणि त्या प्रोफाइलने छापलेल्या सावल्या बुजतात.

स्पार्कल फिल्म मोजायचा नाद सोडा. तिच्यातले कण आरशासारखे आहेत, यंत्राच्या कोनात एखादा आला की आकडा उडतो. त्याच कागदावर साध्या ग्लॉस फिल्मचे प्रोफाइल करून तेच स्पार्कलला लावा. कणांमुळे सावल्या थोड्या उजळ दिसतात. चेहऱ्यांची पाने या फिल्मखाली देऊच नयेत असे आमचे मत आहे, कातडीवर कण वाईट दिसतात.

अ‍ॅक्रिलिकवरून थेट मोजता येत नाही, आणि त्यामागे साधी भूमिती आहे. स्पेक्ट्रो ४५ अंशांतून उजेड टाकतो आणि सरळ वरून पाहतो. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये तो किरण वाकून सुमारे १.६ मिमी बाजूला सरकतो. म्हणजे उजेड एकीकडे, डोळा दुसरीकडे, आणि वाचन खोटेच गडद येते. साध्या ३० मायक्रॉन फिल्ममध्ये हीच सरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते, म्हणून तिथे अडचण येत नाही. अ‍ॅक्रिलिकसाठी त्याच प्रिंटवर गुळगुळीत, पारदर्शक ग्लॉस कोल्ड फिल्म चढवून तिचे प्रोफाइल करा. प्रकाशाच्या दृष्टीने ती अ‍ॅक्रिलिकच्या खूप जवळची आहे. मग एक फोटो प्रत्यक्ष अ‍ॅक्रिलिकखाली लावून डोळ्याने बघा आणि उजेडाचा जो थोडा फरक राहील तो प्रोफाइल एडिटरमध्ये एका वक्राने भरून काढा.

प्रश्न : पुस्तकाचे मुखपृष्ठ ऑफसेटवर छापले. प्रूफ मंजूर होते, छापील पानही त्याला जुळले होते. मॅट लॅमिनेशननंतर प्रूफशी काही संबंध राहिला नाही. शिवाय रिफ्लेक्स ब्लू या खास रंगातली पट्टी काही दिवसांत जांभळट झाली. चूक कोणाची धरायची?
— मुखपृष्ठकार, पुणे

उत्तर : पहिल्या भागात प्रूफच चुकीच्या गोष्टीचे होते. ते उघड्या आर्ट पेपरचे होते आणि पुस्तक निघणार होते मॅट फिल्मखाली. युरोपीय ईसीआय संस्थेने यासाठी दोन प्रोफाइले मोफत दिली आहेत : पीएसओ कोटेड व्ही-२ ३०० मॅट लॅमिनेट, जे फोग्रा ४९ या मोजमापांवर आहे, आणि त्याचेच ग्लॉसी लॅमिनेट, जे फोग्रा ५० वर आहे. प्रूफ काढणाऱ्याला सांगा, सिम्युलेशन प्रोफाइल म्हणून फोग्रा ३९ (उघड्या आर्ट पेपरचे) ऐवजी यांतले योग्य ते लाव. प्रूफच्या कागदावर फिल्म चढवायची नाही, प्रोफाइलच फिल्मचा परिणाम दाखवते. फोटोंचे सीएमवायके रूपांतरही याच प्रोफाइलने केले तर सावल्या आधीच मोकळ्या होऊन येतात.

इथे प्रेसवाल्याशी एक गोष्ट स्पष्ट बोला, नाहीतर सगळे फिसकटते. लॅमिनेशनचा परिणाम दाखवणारे हे प्रूफ समोर ठेवून मशीनवरचे ओले, उघडे पान त्याला जुळवायचा प्रयत्न कोणी करू नये. ते जुळणारच नाही. मशीनमनने शाई कमी केली तर लॅमिनेशननंतर मुखपृष्ठ पाणचट होईल. पान नेहमीच्या घनतेला आणि ठिपक्याच्या नेहमीच्या वाढीला चालवायचे, कडेची कंट्रोल पट्टी मोजून. प्रूफशी तुलना पान लॅमिनेट झाल्यावर, डी-५० च्या उजेडात.

रिफ्लेक्स ब्लूचा दोष मात्र रंगद्रव्याचा आहे. त्यातला अल्कली ब्लू लॅमिनेशनला टिकाऊ नाही आणि त्याची शाई वाळायलाही फार वेळ घेते. रोडामाइन, जांभळा आणि वॉर्म रेड हेही याच पंगतीतले. शाईवाल्याकडे त्याच छटेची लॅमिनेशन-फास्ट शाई मागा, ऑर्डरमध्ये हा शब्द लिहूनच द्या. छपाई आणि फिल्म यांत निदान ४८ तास जाऊ द्या. पाने एकमेकांना लागू नयेत म्हणून मारतात ती पावडरही बेताची असावी. तिचे कण फिल्मखाली राहिले की गडद भागांत पांढरे ठिपके आणि झाक दिसते, आणि ते लोक रंगाचा दोष समजतात.

प्रश्न : स्पेक्ट्रोमीटर घेणे परवडत नाही. ग्लॉस आणि मॅट दोन्ही फिल्म वापरतो. एकच प्रोफाइल चालेल का?
— फोटो स्टुडिओ, सातारा

उत्तर : आधी फरक किती पडतो ते पाहा, मग खर्चाचे ठरवा. ३० चौकोनांची एक पट्टी बनवा : शुद्ध सहा रंग, काळ्या-पांढऱ्याच्या दहा पायऱ्या, कातडीच्या सहा-सात छटा, उरलेले तुमच्या कामात नेहमी येणारे, मोरपंखी, शेंदरी, डाळिंबी वगैरे. तीन प्रती छापा, एक उघडी, एक ग्लॉस, एक मॅट. ओळखीच्या लॅबमध्ये तासाभरासाठी स्पेक्ट्रो मिळाला तरी या मोजून होतात. उघडी आणि ग्लॉस यांत सरासरी डेल्टा-ई २००० (दोन रंगांतल्या फरकाचे माप) दोनच्या आत असेल तर ग्लॉससाठी उघड्या कागदाचेच प्रोफाइल चालवा. ग्लॉसी फोटो पेपरवर असे होण्याची शक्यता चांगली आहे. मॅटला मात्र वेगळे प्रोफाइल लागेलच, तिथे काटकसर करू नका.

प्रोफाइल बनवून देणाऱ्याकडे लॅमिनेट केलेला चार्टच पाठवा. उघडा चार्ट पाठवून ‘तिकडे फिल्म चढवा’ म्हणू नका, त्यांची फिल्म वेगळी असणार. दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवून पाठवा, घडी किंवा सुरळी करू नका. यंत्र भाड्याने मिळाले तर आर्गिल सीएमएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते कमांड टाइप करून चालते, पण निकाल उत्तम देते.

प्रश्न : बॅकलिट बोर्डांना मॅट लॅमिनेशन करतो. त्यालाही वेगळे प्रोफाइल?
— ग्लो-साइन व्यावसायिक, मडगाव

उत्तर : रात्री मागून दिवा लागतो तेव्हा पृष्ठभागावरून विखुरणारा प्रकाश नगण्य असतो, त्यामुळे मॅट फिल्मने फारसे बिघडत नाही. चार्ट आरपार उजेडात मोजायला हवा, ते यंत्र नसेल तर मीडिया कंपनीचे बॅकलिट प्रोफाइल वापरा. बोर्ड दिवसाही वाचला जाणार असेल तर गडद पार्श्वभूमी टाळा, कारण दिवसा ती राखाडीच दिसेल.

प्रश्न : एकदा बनवलेले लॅमिनेशन प्रोफाइल किती दिवस चालते?
— वरील कोल्हापूरच्या पत्रातच विचारलेला दुसरा प्रश्न

उत्तर : मुदत दिवसांवर नसते. फिल्मचा ब्रँड, जाडी किंवा चिकटद्रव्य बदलले, कागद बदलला, शाई बदलली, हेड बदलले की ते संपले. नुसता नवा रोल आला तर ३० चौकोनांची तीच पट्टी छापून, लॅमिनेट करून, २४ तासांनी मोजा. सरासरी फरक दोनच्या आत आणि एकही चौकोन पाचच्या वर नसेल तर जुने चालू ठेवा. फरक आला तर लगेच नवे प्रोफाइल करू नका. आधी लॅमिनेटर तापमानाला आला होता का ते पाहा. थर्मल फिल्म साधारण १०० ते १२० अंशांना चालते, आणि सकाळी पहिली पाने थंड रोलरवरून गेली की त्यांवर झाक राहतेच.

फाइलच्या नावात कागद, फिल्मचा ब्रँड, मायक्रॉन, ग्लॉस की मॅट आणि तारीख लिहा. मोजलेला लॅमिनेटेड चार्ट काळ्या पाकिटात सपाट ठेवून द्या आणि पाठीवर लॅमिनेटरचे तापमान व वेग पेनने नोंदवा.